पुण्याहून न आलेला ट्रंक कॉल

सोलापुरातली ती घटना आठवली की मला आधी स्वतःचाच राग येतो. मदत मागायला आलेल्या माणसाला मी जवळजवळ हाकलून दिलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शहरातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपून बंदोबस्ताच्या ड्युट्या लावत होतो, तेवढ्यात एक किराणा दुकानदार धापा टाकत आत आला. मागे रडून डोळे सुजलेली एक बाई होती. तिने पोटाशी एक गाठोडं घट्ट धरलं होतं.

“साहेब, पुण्याच्या पोलिसांना फोन लावा की. हिच्या मालकाला ट्रकनं उडवलंय म्हणं. माणूस हाय का गेला, तेवढं तरी कळू द्या.”

“हे पोलीस ठाणं आहे, तार ऑफिस नाही!” मी खेकसलो. आमच्या हवालदारांनी दोघांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, म्हणून पुढचं सगळं घडलं. श्रेय त्यांचं, माझं नाही.

बाई विणकर घरातली, घरी तेलुगू बोलणारी. नवरा चादरींचे गठ्ठे घेऊन पुण्याच्या व्यापाऱ्याकडे गेलेला. गल्लीत फोन एकच, या दुकानदाराकडे. कुणासाठीही फोन आला की हा निरोप घ्यायचा आणि दुकानाच्या पायरीवर उभा राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडून सांगायचा. बायका फोनपाशी जायच्याच नाहीत. दुकानदार सरळ माणूस, त्यामुळे तो सांगेल ते गल्ली खरं मानायची.

त्या सकाळचा निरोप असा होता: नवऱ्याचं आज ऑपरेशन आहे, खर्चाला दागिने हवेत. हॉस्पिटलातला माणूस पहाटेच्या एसटीने निघालाय, बारा वाजता स्टँडवर भेटेल, खांद्यावर लाल टॉवेल असेल. बाईने एकटीनेच यावं.

‘एकटीनेच’ हे मला खटकलं. दुकानदाराला विचारलं, “फोन पुण्याहून आला कशावरून?”

“त्योच म्हणला की.”

“आधी ऑपरेटर बाई बोलली? पुण्याचा ट्रंक कॉल आहे, बोला, असं काही?”

तो आठवू लागला. “न्हाय बा. घंटी वाजली, उचलला, की त्यो थेट बोलायलाच लागला.”

तेव्हा परगावचा फोन ऑपरेटरमार्फतच यायचा. ती आधी गाव सांगायची, मग तीन मिनिटं झाली म्हणून मधे टोकायची. थेट लागणारा फोन गावातलाच. म्हणजे बोलणारा सोलापुरातच बसला होता!

मी बाईला तसं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “खरं असलं तर, साहेब? तुमी त्याला धरलं आन् तितं ऑपरेशन ऱ्हायलं तर?”

दुकानदार घाबरलेला होता, ऑपरेटरचं बोलणं विसरलाही असेल. मी चुकलो असतो तर तिचा नवरा माझ्यामुळे गेला असता. तिच्या घरून त्या पुण्याच्या व्यापाऱ्याचं जुनं बिल मागवलं आणि त्यावरच्या नंबरला अर्जंट ट्रंक कॉल बुक केला. लाइन मिळेना. पावणेबारा झाले. दागिने पंचांसमक्ष ठाण्यात ठेवले, गाठोड्यात हरभऱ्याची डाळ बांधून ते बाईच्या हाती दिलं आणि साध्या वेशात तिच्या मागोमाग स्टँड गाठलं.

लाल टॉवेलवाला अगदी वेळेवर आला. गाठोड्याला हात लावताच हवालदारांनी त्याची गचांडी धरली.

ठाण्यात आणल्यावर गडी मोठा साळसूद. “मी पुण्याहून आलोय, साहेब. परोपकार करायला गेलो आन् हे नशिबी आलं.”

“तिकीट दाखव.”

“फेकलं.”

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. भर उन्हाळ्यात एसटीने पुण्याहून आलेला माणूस धुळीने भरतो, शर्ट पाठीला चिकटतो. याचा शर्ट पांढराशुभ्र, बाहीवरची इस्त्रीची घडी जशीच्या तशी. “एसटीत उभ्यानंच कपाटात टांगून आलास काय रे?” असं विचारल्यावर तो बाही झाकू लागला. तेवढ्यात जबाब द्यायला आलेल्या दुकानदाराने त्याला ओळखलं. “अरं, ह्यो तर महिनाभर माज्या पायरीवर विड्या ओढत बसायचा!”

सगळा उलगडा झाला. कोण कधी गावाला गेला, कुणाकडे उतरला, सगळं दुकानदारानेच ओरडून सांगितलेलं, याने नुसते कान उघडे ठेवलेले. गड्याने कबुली दिली. दुकानदाराने कपाळावर हात मारून घेतला.

बाई मात्र बाकावरून हलली नव्हती. “चोर गावला, साहेब. आमचे मालक कुटं हायत?”

चारच्या सुमारास लाइन मिळाली. व्यापारी म्हणाला, “ते होय? इथंच बसलेत, चहा घेतायत.” मी रिसीव्हर बाईच्या कानाला लावला. पलीकडचा आवाज ऐकताच ती दोन्ही हातांनी तो धरून हमसून रडली. मग पदराने डोळे पुसून एवढंच विचारलं, “अन्नं तिन्नारा?” हवालदारांना तेलुगू येत होतं. ते हळूच म्हणाले, “जेवलात का, विचारतीय.” मी उगाच फायली चाळत बसलो.

ही बातमी पसरल्यावर आणखी दोन घरची माणसं ठाण्यात आली. त्याच माणसाने त्यांचे दागिने आधीच नेले होते. तक्रार का नाही दिलीत, असं विचारलं. एकजण म्हणाला, “लोक हसले असते, साहेब.” ते वेळीच आले असते तर या बाईचा तो दिवस टळला असता. रागाचे शब्द माझ्या ओठांवर आले होते, पण रागावलो नाही. ज्याचा कुणावर जीव आहे, तो असल्या फोनला घाबरणारच. घाबरा खुशाल, पण एकटे जाऊ नका. आधी ठाण्यात या.