ताईने न बसवलेले नट

वडील गेल्यावर चाकांचं दुकान बहीण-भावाने मिळून चालवायला घेतलं. भाऊ गल्ल्यावर बसून गोड बोलायचा. ताई आत, जॅकशेजारी. अख्खा रस्ता तिला ताईच म्हणायचा. तिचा हात कडक, तोंड त्याहून कडक. पण गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाई तिच्याशिवाय कुणाला चाकाला हात लावू देत नसत.

त्या बाईंनी हौसेने हलकी अलॉयची चाकं घेतली आणि म्हणाल्या, "नट जुनेच लावा."

"जमणार नाही," ताई म्हणाली. "ते लोखंडी चाकाचे. हे अलॉय मऊ असतं, बाई. याची भोकं आत निमुळती होत गेलीत, म्हणून नटाचं बूडही त्याच उताराचं हवं. नाहीतर नट नुसता कडेला टेकतो आणि भोक कुरतडत राहतो."

तिने तसे नट शोधून आणले. आटे जुळतात का ते आधी हाताने फिरवून पाहिलं, मग समोरासमोरचे नट जोर मोजणाऱ्या पान्याने आवळले.

पुढे मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ताई दोन दिवस दुकानात नव्हती. नेमक्या तेव्हाच बाई हवा तपासायला गाडी सोडून गेल्या.

आठवडाभरात बाईंनी ती गाडी दुसऱ्या गाडीने ओढत दुकानासमोर आणली. चालत्या रस्त्यावर पुढचं चाक डगडगायला लागलं होतं, आणि स्टिअरिंगवर शिकाऊ मुलगी होती. नशीब, बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक वेळेत दाबला.

"मी फक्त हवा भरली," भाऊ गल्ल्यावरून म्हणाला. "नट ताईने बसवलेले. घाईत राहिलं असेल तिच्याकडून."

ताईने नट काढला. चकचकीत होता, आणि बुडाशी गोल. हा तिचा नव्हताच. भोकाची कड खरवडून रुपेरी चुरा झाला होता. तिने भावाकडे पाहिलं. त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं. ताईने तो नट खिशात टाकला.

"डोळे झाकून विश्वास टाकला होता तुमच्यावर," एवढंच म्हणून बाई निघून गेल्या.

शटर अर्धं ओढून ताईने विचारलं, "माझे नट कुठायत?"

"एका गिऱ्हाइकाला तातडीने हवे होते. तू नव्हतीस. बाईंच्या गाडीचे काढून दिले, तिथे दुसरे लावले. म्हटलं, नट म्हणजे नट."

"आणि माझं नाव का घेतलंस?"

"बहीण आहेस ना. वाटलं, सांभाळून घेशील."

ती टायरवर बसली. लहानपणापासून तिने त्याचं काय काय सांभाळून घेतलं होतं! त्याला त्याची सवयच झाली होती, आणि ती सवय आपणच लावली, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं.

दुसऱ्या दिवशी ती बाईंच्या घरी गेली आणि घडलं तसं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, चहाही दिला. मग म्हणाल्या, "चाक मी नवीन घेईन. पण तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?"

ताईने कप खाली ठेवला आणि ती उठली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

महिनाअखेरीस तिने स्वतःचे पाने उचलले आणि बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. वहिनी दोनदा समजूत घालायला येऊन गेली. भाऊ आला नाही. बाई गाडी आता तिसरीकडेच नेतात. रस्त्यात भेटल्या तर मान हलवतात. ताईही हलवते.