अक्काचे सरडगुहिरे आणि माझी एक दुपार

अक्का आज सकाळी गेली.

खरं सांगते, तिच्यावर मी जन्मभर जळले.

ती माझी सख्खी थोरली बहीण, इंदू. चार वर्षांनी मोठी.

साठ-एकसष्ट साल असेल. चिकपेट बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. मागे थोडी मोकळी जागा, तिला आम्ही हित्तल म्हणत असू. तिथं एकच लिंबाचं झाड.

अप्पा रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर. एकदा गावाबाहेर झाडं तोडताना त्यांना एक सरडगुहिरा सापडला. रंग बदलणारा, शेपटीची गुंडाळी करणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. टिफिनच्या डब्यात घालून घरी आणला.

आणि दिला अक्काला.

"धाकटी घाबरेल," म्हणाले.

मी घाबरले नव्हते. मला कोणी विचारलंच नाही.

काही महिन्यांनी मादी सापडली. मला वाटलं, ही तरी माझी.

"इंदूला सवय आहे," अप्पा म्हणाले.

पिंजरा नव्हताच. दोघं लिंबावर राहायची. आसपास दुसरं झाड नाही, त्यामुळे कुठं जायची नाहीत. कावळ्यांपासून आणि उन्हापासून आडोसा म्हणून अक्कानं वर अम्माचं जुनं पातळ बांधलं होतं.

मी वाटीत पाणी ठेवलं, तर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. अक्कानं बघून बघून शोधून काढलं की ही फक्त पानावरचे थेंब चाटतात. मग तिनं पत्र्याच्या डब्याला बारीक भोक पाडून, पाणी भरून तो फांदीला टांगला. एप्रिलमध्ये हवा तापून कोरडी व्हायची, तेव्हा गोणपाट भिजवून खोडाला गुंडाळायची.

शेजारपाजारचे बघायला यायचे; कन्नडात सरडगुहिऱ्याला ऊसरवळ्ळी म्हणतात. "ऊसरवळ्ळी पाळलीय पोरीनं!" शाळेतल्या सायन्सच्या बाईसुद्धा आल्या, अक्काची पाठ थोपटून गेल्या.

सगळ्यात वाईट काय, सांगू?

अक्कानं हात पुढे केला की ती दोघं हिरवीगार राहायची, सावकाश बोटावर चढायची.

मी हात पुढे केला की काळी पडायची.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मला ताप आला. अक्का शाळेत, अम्मा शेजारी गेलेली. मी मागच्या पायरीवर पांघरूण घेऊन बसले होते.

मादी झाडावरून खाली उतरली.

ती कधीच उतरत नसे. भिंतीशी गेली आणि पुढच्या पायांनी माती उकरायला लागली. थांबायची, दम खायची, परत उकरायची. मग उलटी फिरून खड्ड्यात शिरली. नुसतं डोकं बाहेर. बराच वेळ तशीच. नंतर बाहेर येऊन माती लोटली, मागच्या पायांनी थोपटली.

अख्खी दुपार गेली. मी जागची हलले नाही.

शेवटी ती इतकी खंगलेली दिसली की मी एक ओलं पान तिच्या तोंडाशी धरलं. तिनं चाटलं. माझ्या हातून.

संध्याकाळी अक्का आली. "अगं, ही अशी का दिसते? पोट आत गेलंय."

"ठाऊक नाही," मी म्हटलं.

मादी त्यातून सावरली नाही. अक्का रोज नाकतोडे पकडून आणायची, तोंडाशी धरायची. तीनेक आठवड्यांत मादी मेली.

"माझंच काहीतरी चुकलं," म्हणत अक्का रडली. जेवली नाही.

तेव्हाही मी बोलले नाही. वाईट वाटलं. पण आत कुठेतरी बरंही वाटलं, हे आज लिहून टाकते.

ती जागा मात्र मी राखली. तिच्यावर फुटकी कुंडी उपडी घातली, कोणाला पाय ठेवू दिला नाही. ऊन वाढलं तशी ती काढून घेतली आणि रोज माती बघायला लागले.

मे महिन्यात एका सकाळी भिंतीशी माती हलली. आगकाडीएवढी पिल्लं, एकामागून एक. मला त्यांना काय खायला घालायचं तेसुद्धा माहीत नव्हतं.

अक्काला हाक मारावीच लागली.

ती आली. पिल्लांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कधी घातली अंडी?"

"मला ताप होता तेव्हा."

"म्हणजे ती आजारी नव्हती."

मी वाकून एका पिल्लाच्या वाटेतला खडा उचलला.

"तू पाहिलंस? सगळं?"

"हो."

मला वाटलं, मारेल. ती धुण्याच्या दगडावर बसली. तिचा चेहरा मी ओळखला. तो माझाच चेहरा होता, रोजचा.

"सांग की. कसं केलं तिनं?"

मी सांगितलं नाही.

पिल्लांना पहिले काही दिवस अक्कानंच जगवलं, बारीक माश्या पकडून पकडून. मग अप्पांनी ती गावाबाहेरच्या झुडपांत नेऊन सोडली.

पुढे तिला सगळं मिळालं. बीएस्सी, कॉलेजात नोकरी, अप्पांचा अभिमान. अधूनमधून विचारायची, "सांग ना गं." मी विषय बदलायची. तेवढं एकच माझं होतं.

गेल्या महिन्यात इलेक्ट्रॉनिक सिटीला तिच्या मुलाच्या फ्लॅटवर गेले. अक्का अंथरुणावर. नातीला तीच गोष्ट सांगत होती.

"मग तिनं नाकानं माती उकरली…"

"पुढच्या पायांनी, अक्का," माझ्या तोंडून गेलं.

ती थांबली. माझ्याकडे वळली.

"सरी, बरं. तूच सांग मग."

सांगितलं. पहिल्यापासून. ओलं पान, तिची जीभ, सगळं. अक्का डोळे मिटून ऐकत होती.

"एवढा वेळ लागला?" तिनं विचारलं.

"हो अक्का. फार वेळ लागला."

तिनं माझा हात धरला, तो मी निघेपर्यंत सोडला नाही.

अक्का, शांतपणे जा.

तुला भरल्या मनानं निरोप.

तुझी धाकटी