कोन शे तठे

हल्ली पालक मला विचारतात, मुलीला नाटकाची आवड आहे, कुठला क्लास लावू? मी स्वतःच नाटक शिकवते, तेव्हा खरं तर माझाच क्लास सांगायला हवा. पण मी विचारते, घरी तिच्यासमोर वाचायला कोण बसतं? मग ते घड्याळाकडे बघतात.

माझ्यासमोर वडील बसायचे. ऐंशीच्या दशकात आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहायचो. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मूळ गाव सोनगीरजवळ, त्यामुळे घरात सगळी अहिराणी आणि शाळेत पुस्तकी मराठी. नववीत असताना शाळेच्या नाटकातल्या मुलीला कांजिण्या आल्या आणि तिची भूमिका माझ्या गळ्यात पडली. आंधळ्या बापाच्या मुलीची. बाईंनी बजावलं, "स्टेजवर 'आहे'च्या जागी तुझं 'शे' ऐकू आलं तर याद राख."

शाळेत सरावाला दिवस थोडे उरले होते, म्हणून घरी आंधळ्या बापाची वाक्यं वडिलांनी घेतली. कामावरून आले की हात धुऊन, कागद डोळ्यांपासून लांब धरून बसायचे. कागदावर 'कोण आहे तिथे?' असं लिहिलेलं. वडील खणखणीत आवाजात वाचायचे, "कोन शे तठे?" मी म्हणायचे, "मी आहे, बाबा. इथेच आहे." माझा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर ते पुन्हा म्हणायला लावायचे. स्वतः अहिराणीत वाचतोय, याचा त्यांना पत्ताच नसे. आई भाकरी थापताना म्हणायची, "आंधळाले वाचता येस, हाई भारी शे."

काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्यांना सगळे आबा म्हणत. ते गावी राहायचे, पण आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. मुलीच्या जातीने स्टेजवर नाचायचं हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी एक अट घालून हो म्हणाले, "पोरवर लोके हसनात, तं नाटक बंद." बंद म्हणजे कायमचं. वडील त्यांच्यापुढे चकार शब्द काढत नसत.

प्रयोगाला आबा मुद्दाम गावाहून आले आणि पहिल्या रांगेत बसले. वडील वर्कशॉपमधून परस्पर आलेले, ते मागे दाराशी उभे राहिले.

आंधळ्या बापाचं काम करणाऱ्या मुलाने काठी आपटत विचारलं, "कोण आहे तिथे?" आणि मला काही आठवेना. शाळेतल्या सरावात बाई शेजारी उभ्या राहून सुचवायच्या, म्हणून कधी अडलं नव्हतं. पण माझं वाक्य पाठ झालं होतं ते वडिलांच्या वाक्यामागून. या शुद्ध प्रश्नाला ते बाहेरच येईना. मुलाने पुन्हा विचारलं. पडद्याआडून बाई काहीतरी पुटपुटत होत्या, ते ऐकू येत नव्हतं. आबांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात दाराकडून आवाज आला, "कोन शे तठे?"

सगळा हॉल खो खो हसत सुटला. पोरं मागे वळून दाराकडे बघायला लागली.

"मी आहे, बाबा," माझ्या तोंडून आपोआप निघालं. "इथेच आहे."

त्यानंतर मी कुठे अडले नाही. पण हसणं तर झालं होतं.

नाटक संपल्यावर आबा सायकल स्टँडपाशी थांबले होते. "हसनात ना लोके?" त्यांनी वडिलांना विचारलं.

वडिलांनी सायकलचं कुलूप काढलं. "हसनात," ते म्हणाले आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मनावर हसनात, आबा. तिनावर कोनी हसनं नही."

धाकट्या भावाने असं तोंडावर उत्तर दिलेलं आबांना माहीत नव्हतं. "मंग पुढला साले तू घर बस," ते म्हणाले. "ती जाई."

मी आनंदाने वडिलांचा हात धरला, आणि मग मला कळलं, त्यांना काय कबूल करावं लागणार आहे. ते नुसतं "बरं" म्हणाले.

पुढच्या वर्षी माझा एकही शब्द चुकला नाही. वडील शब्दाला जागून घरी बसले होते. टाळ्या वाजत होत्या आणि मला आबांचा इतका राग आला होता, की प्रेक्षकांना नमस्कार करायचंच राहून गेलं.