खासदाराला समई

रविवारी हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफीला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "सारंग, ते अमेरिकेचं सांगा." आता म्हणे लिहूनच द्या. शिकलो मी चौथीपर्यंत, आणि हौस यांना! आमच्या मंडळीत असले किस्से बोटीच्या बुडाला कालवं धरावीत तसे धरतात. खरवडायला मी.

मी सारंग होतो, म्हणजे जहाजावर खलाशांचा मुकादम. ऑफिसरांच्या टेबलावर जन्मात जेवलो नाही. नात शलाका अमेरिकेत जन्मली, म्हणून घरात अमेरिकन पासपोर्ट तिचा एकटीचा. तिला तिथल्या नेव्हीच्या अ‍ॅकॅडमीत जायचं होतं. तिथून थेट ऑफिसर होऊन बाहेर पडतात. मला दुसरं काही नको होतं.

*

माझा मुलगा सुरेश जुरोंगला शिपयार्डात इंजिनिअर. त्याने समजावलं, नुसत्या मार्कांवर घेत नाहीत. आपल्या भागाच्या खासदाराने नाव द्यावं लागतं. एका जागेसाठी तो दहा नावं देऊ शकतो, त्यातून अ‍ॅकॅडमी निवडते.

मी म्हटलं, "म्हणजे वशिला."

"नाही बाबा. ओळखपाळख लागत नाही. कमिटी इंटरव्ह्यू घेते."

"मग खासदार कशाला मध्ये?"

इंजिनिअर पुन्हा फॉर्म वाचायला लागला.

*

भाग कुठला, तर ह्यूस्टन. शलाका लहानपणी तिथे वाढली, मावशी अजून तिथेच, पत्ता तिचाच. मतदान असलं की मी नेहमी पाण्यावर. आमचा इथला खासदार कोण, मला आजही ठाऊक नाही. घरात खासदार असलेली ती एकटीच.

*

आमच्यातला देवधर रॅफल्स प्लेसला बँकेत मॅनेजर. दुसऱ्याचं काम दिसलं की याचे हात शिवशिवतात. बायकोही तसलीच. शलाकासाठी पुण्याचं स्थळ घेऊन बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटवर आली. शलाकाने सांगितलं, अ‍ॅकॅडमीत लग्न झालेलं चालत नाही.

"मग नुसता साखरपुडा करून ठेवू," देवधर वहिनी म्हणाल्या.

"कॅनॉट लाह, आंटी," शलाकाने इथल्या इंग्रजीत उडवून लावलं.

या घरात त्या वर्षी हसलो ते तेवढंच.

*

इंटरव्ह्यू फोनवर होता, सकाळी. कुकर लावला नाही, पंखासुद्धा बंद. पोरगी ताठ उभं राहून बोलत होती. मध्येच 'सारंग' शब्द ऐकला आणि मीही सरळ बसलो. मग ती थांबली.

"व्हॉट लॅम्प, सर?"

तिने पुन्हा तेच विचारलं. नंतरचं तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही, इतका आवाज खाली गेला.

मागाहून कळलं, देवधरने सुरेशकडून खासदाराचं नाव काढून घेतलं होतं आणि शलाकाच्या नावाने त्याच्या घरी समई पाठवली होती. आम्हाला कोणाला न सांगता.

समई परत आली, वातींसकट. दहा नावांत शलाकाचं नाव नव्हतं. समईमुळे, असं कोणी म्हटलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं, सुरेश म्हणाला. ती म्हणाली, नको. आता अकाउंटन्सी करते. समुद्राकडे खिडकी असली तर पडदा ओढते.

*

रविवारी मी देवधरला सगळ्यांसमोर विचारलं. त्याने कप खाली ठेवला.

"चूक माझीच झाली, सारंग," तो म्हणाला.

मला वाटलं, आता मागतो माफी. मी खुर्ची पुढे ओढली.

"जर्मन सिल्व्हरची पाठवली. अस्सल चांदीची पाठवायला हवी होती."

माफी अजून यायची आहे. लिहूनच द्यायचं म्हणता, तर नावासकट देतो: त्याचं पूर्ण नाव वसंत गजानन देवधर.