अडीच मिनिटांचा नमुना

आमच्या मामाला मामी ‘स्टॉपवॉच’ म्हणते. एकतीस वर्षं त्यानं प्रयोगशाळेत एकच काम केलं: किरणोत्सारी नमुना यंत्राखाली ठेवायचा आणि तो निम्मा उरायला किती वेळ लागतो, ते अचूक मोजायचं. त्या दिवशीचा नमुना अडीच मिनिटांतच निम्मा होणारा होता. तो हातात पडताच मामा धावत यंत्राकडे निघाला.

पण पाहुणे आले होते आणि साहेबांना भाषणाची हुक्की आली होती. मामानं दोनदा घड्याळाकडे बोट दाखवलं.

“थांबा हो, एवढी कसली घाई?” साहेब खेकसले आणि पाऊण तास स्वतःचीच टिमकी वाजवत राहिले.

मग यंत्र सुरू झालं. नमुन्यात तोवर काही उरलंच नव्हतं. भिंतींतून, जमिनीतून कायम येणारे किरकोळ किरण तेवढे यंत्र मोजत होतं. आकडा कमी होणार कसा?

“बघा, किती टिकाऊ आहे!” साहेब म्हणाले. शिकलेसवरलेले पाहुणे टाळ्या पिटू लागले.

मामानं सगळ्यांदेखत नमुना यंत्राखालून काढून टेबलावर ठेवला. आकडा तसाच राहिला. टाळ्याही.