डबीवर नाव लिहा

“उटणं समजलीस का?” डॉक्टर म्हणाला. रांगेतली माणसं हसली. मीपण हसले.

माझ्या चेहऱ्याचं साल निघत होतं, पाण्याचा थेंब लागला तरी जीव जायचा, आणि ही बया हसतेय. अजून त्या रस्त्यानं गेले की गाल चुरचुरतात.

थोरला कडेवर होता तेव्हा गालांवर वांग आले. शाहपुरात आमची केळीची बाग. सासू म्हणाली, बुऱ्हानपूरला चामडीचा डॉक्टर आहे, जाऊन ये. त्यानं तिथंच मलम कालवून दिलं. पांढरी डबी, वर नाव ना गाव. मी विचारलं, “कसं लावू?” तो माझ्याशी बोललाच नाही. कंपाउंडरला म्हणाला, “बागेतली बाई आहे, समजणार नाही. डबी दे अन् काढ.”

मी म्हणाले, “हो साहेब.” वा गं माझी वाघीण.

लावायचं म्हटलं की आम्हाला रीत ठाऊक हळदीची. नवरीला थापतात तसं थापलं, सकाळीच, अन् उन्हात घड उतरवायला गेले. तोंड सोललं तशी परत त्याच्याकडे गेले, तेव्हा तो उटण्याचं बोलला. मागून कळलं, ते रात्री लावायचं, मुगाच्या दाण्याएवढं, अन् उन्हापासून जपायचं. एवढं सांगितलं असतं तर त्याचं तोंड दुखलं असतं?

औंदा नातीसोबत तिथंच गेले. नवं लग्न, तोंडभर पुटकुळ्या. आता काच आहे, एसी आहे, डॉक्टरीण आहे. डबी तीच. पांढरी, मुकी. “खास तुमच्या स्किनसाठी बनवलंय,” ती नातीला म्हणाली.

“यात काय घातलं?” मी विचारलं.

“अम्मा, आपको क्या समझेगा.”

नात बाही ओढायला लागली. “आजी, चल ना. लोक बघून राहिले.” अन् ती हसली. माझंच जुनं हसू.

मग मी खुर्चीत ठाण मांडलं. “नाही समजणार. तरी लिहा. डबीवर नाव लिहा.”

रांग खोळंबली. शेवटी तिनं पेन काढलं. ट्रेटिनॉइन, लिहिलं. पेन थांबलं. तिनं पहिल्यांदाच नातीकडे नीट पाहिलं. “प्रेग्नंट तर नाही ना?”

नातीनं माझ्याकडे बघितलं. “पाळी चुकलीय,” मी म्हणाले. आम्ही आधी सांगितलं नव्हतं, कारण विचारलं कोणी होतं?

“मग हे लावायचं नाही, बाळाला धोका असतो,” म्हणत डॉक्टरणीनं डबी मागे ओढली. कोणी हसलं नाही. माफीही कोणी मागितली नाही. नकोच मला.

आता गल्लीतली कुठलीही पोर तिकडं निघाली की मी चप्पल घालते. खुर्ची धरते. डबीवर नाव पडल्याशिवाय ती पोर डबी उचलत नाही, अन् मी उठत नाही.