काहीच न करायची सुट्टी

मी जालन्यात राहते आणि इंग्लंडहून येणाऱ्या पाहुण्यांच्या सहली आखते. कंपनी संभाजीनगरची, काम घरातून. बरीच वर्षं हे काम एकाच ठशाचं होतं. एक दिवस अजिंठा, एक दिवस वेरूळ, येता-जाता दौलताबाद, थोडी खरेदी, आणि पुढचं विमान. पाहुण्यांना कमी वेळात जास्त बघायचं असायचं आणि मला ते बसवून देता यायचं.

लॉकडाऊननंतर मेल बदलले. ‘विमान नको, जमेल तेवढं रेल्वेनं फिरू.’ ‘गर्दीची ठिकाणं वगळा.’ ‘एकाच गावात आठवडाभर राहू, रोज सामान बांधायला लावू नका.’ आणि साठी ओलांडलेल्या बायकांचे मेल तर सारखेच यायला लागले. नवरा आहे, त्याची तब्येत चांगली आहे, पण तो घरीच राहणार आहे. मी एकटी येतेय.

अशीच एक बाई. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून निवृत्त झालेली. तिनं लिहिलं होतं, मला काही दाखवू नका. लोक आपापलं रोजचं काम करत असतील आणि मला शेजारी नुसतं बसता येईल, अशी जागा शोधा.

आमचे मालक म्हणाले, “म्हैसमाळला एखाद्या रिसॉर्टवर पाठवून द्या.”

मी म्हणाले, “केदारखेड्याला माझ्या भावाचं घर आहे. वरची खोली रिकामी आहे.”

“तिथं बघण्यासारखं काय आहे?”

“काहीच नाही. म्हणूनच म्हणतेय.”

ते हसले. मी हसले नाही. त्याच आठवड्यात केदारखेड्याला जाऊन मी खोलीला रंग द्यायला लावला, कमोड बसवून घेतला आणि मग त्यांना फोटो पाठवले. त्यांनी हो म्हटलं.

पाहुणी येणार म्हटल्यावर दादाच्या अंगात संचारलं. जानेवारी सरत आला होता, तूर खळ्यावर पडलेली, पण ती सोडून तो तयारीला लागला. भोकरदनहून ब्रेड-बटर आणलं. बाई गाडीतून उतरली तर दारात सरपंच, शाल-नारळ, आणि शाळेची पोरं लेझीम घेऊन उभी. तिनं सगळं हसून घेतलं. दुसऱ्या दिवशीही सकाळपासून माणसं यायला लागली. कुणी फोटोला, कुणी लेकराला इंग्रजी बोलून दाखवायला. जेवणाच्या वेळी ती मला हळूच म्हणाली, “मी फार लांबून गप्प बसायला आलेय. हे थांबवलं तर तुझ्या भावाला वाईट वाटेल का?”

वाईट वाटणारच होतं. तरी मी ओट्यावर जाऊन दादाला सांगितलं.

“म्हंजे?” तो म्हणाला. “पाहुणी घरी आली आन् तिला एकटं सोडायचं? गाव तोंडात शेण घालंल माझ्या.”

“घालू दे. तिला एकटं बसायचंय, दादा. त्यासाठीच आली ती.”

“असं कोणी येतं का?”

“आता येतात. आणि आली तर आपण बसू द्यायचं.”

तो तणतणत शेताकडे निघून गेला. मी गेटला कडी घातली आणि तिथंच खुर्ची टाकून बसले. येईल त्याला सांगत राहिले, “मॅडम आराम करून राह्यल्या.” दोन-चार जण चिडले, एका मावशीनं मला शिष्ट ठरवलं. मी उठले नाही.

दुपारनंतर अंगण शांत झालं. वैनी लिंबाखाली तूर पाखडत होती. बाई वरून खाली आली आणि तिच्याजवळ पोत्यावर बसली. ती सुपाकडे बघत राहिली. मग वैनीनं मला हाक मारली.

“ताई, इचारा बरं. यांचे मालक कुठंयत?”

“घरी,” मी विचारून सांगितलं.

“मंग त्यांला जेवायला कोण घालून राह्यलं?”

बाई मोठ्यानं हसली. म्हणाली, “त्याला दोन हात आहेत.”

“भांडून आल्या का?”

“नाही गं. दरवर्षी एकदा मी एकटी जाते. साठीनंतर सुरू केलं. त्याला घर आवडतं, मला निघायला आवडतं. आमच्याकडे आता बऱ्याच बायका असं करायला लागल्यात.”

वैनीचं सूप थांबलं. “आन् इतक्या लांब येऊन काय करायचं मंग?”

“काहीच नाही. जन्मभर दुसऱ्यांची ताटं वाढली. वर्षातून एकदा माझ्यापुढे कुणीतरी ताट ठेवावं, आणि उद्या काय शिजवायचं ते माझ्या डोक्यात नसावं. एवढंच.”

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा वैनीनं मान वर केली नाही. सूप पुन्हा हलायला लागलं. पण त्या दिवसापासून बाईचं ताट ती स्वतः वर नेऊन द्यायची. भाकरी, वरण, लसणाची चटणी. ब्रेड तसाच राहिला. बाई मुक्काम संपवून गेली तेव्हा दादाही तिला सोडायला जालना स्टेशनवर आला आणि येता-येता मला म्हणाला, “हिंमतीची बाई हाय. एकटी आल्ती एवढ्या लांबून.”

काही दिवसांनी वैनीचा फोन आला. “ताई, माझी बी सहल आखा.”

“कुठली?”

“कुठली बी. एकटीची.”

मला वाटलं गंमत करतेय. मी तुळजापूर म्हटलं, शिर्डी म्हटलं.

“देवाला न्हाई जायचं. देवाला गेलं की ओट्या, नवस, शेजारणींचे निरोप. ते कामच असतं. आन् पुण्याला लेकीकडं बी नको, तिथं गेलं की सैपाकाच्या वट्यापुढं उभं ऱ्हावं लागतं.” मग म्हणाली, “हरभरा निघाला की जाते.”

मी म्हणाले, “आखते.” बिलकुल मागे हटायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं. लोणारला झाडीतलं एक साधं, स्वच्छ गेस्टहाऊस माझ्या माहितीचं होतं. तिथं तिच्या नावावर खोली घेतली.

मग दादाचा फोन. “तूच घातलं हे तिच्या डोक्यात.”

“हो.”

“बाईमाणूस एकटी लॉजवर ऱ्हाती का? लोक काय म्हणतील?”

“ती मॅडम तुझ्या वरच्या खोलीत एकटी राहिली तेव्हा तू काय म्हणालास? हिंमतीची बाई.”

“त्या वेगळ्या.”

“कशा वेगळ्या, ते सांग.”

त्यानं फोन ठेवून दिला.

वैनी त्याच्याशी भांडली नाही. रोज आपलं काम करत राहिली आणि मधूनमधून सांगत राहिली, “मी चाल्ले.” जायच्या दिवशी मी तिला जालन्याच्या स्टँडवर भेटले. हातात एक लहान पिशवी, डबा नाही. मी सोबत येऊ का विचारलं, तर म्हणाली, “तुम्ही आल्या तर मंग मी एकटी कशी?” आणि मंठ्याच्या गाडीत चढून बसली.

मंठ्याला लोणारची गाडी आलीच नाही. दादानं फोन करून तिला परत यायला सांगितलं. तिनं मला फोन केला. मी काळजीत, आणि तिचा आवाज एकदम हलका. “स्टँडसमोर हॉटेलात बसले, ताई. चहा घेतला. एकटीनं हॉटेलात चहा, जिंदगीत पहिल्यांदा.” परत जाणार का, असं मी विचारलं. “छ्या. दुसरी गाडी येईल की.” आली.

गेस्टहाऊसवर मॅनेजर अडून बसला. सोबत कोण आहे, त्यानं विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर म्हणाला, घरच्यांशी बोलल्याशिवाय चावी देता येणार नाही. वैनी म्हणाली, “लावा फोन. पण खोली माझ्या नावावर हाय आन् तिथं मीच ऱ्हाणार.” तिनं नंबर सांगितला, तो दादाचा.

हे पुढचं दादानंच मला सांगितलं. परक्या माणसानं फोनवर विचारलं, तुमच्या मिसेस एकट्याच आल्यात, तुम्हाला ठाऊक आहे का? “त्याचा तो इचारायचा सूर ऐकला,” दादा म्हणाला, “आन् माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ठाऊक हाय. सुट्टीला आल्यात त्या. जल्दी चावी द्या, आन् खोली बराबर हवेची द्या.”

वैनी चार दिवस राहिली. तिनं तिथं काय केलं, हे तिनं थोडक्यात सांगितलं. पहिल्या दिवशी सकाळी उठून तिनं चादरींच्या घड्या घातल्या, खोली झाडायला केरसुणी शोधली. दुसऱ्या दिवशी शोधली नाही. त्या दुपारी तिला उगाच रडू आलं, आणि मग अशी झोप लागली की चहावाल्यानं दार वाजवलं तेव्हाच जाग आली. सरोवराच्या वरच्या कडेला जाऊन ती रोज बसली. खाली उतरली नाही. “उतरलं की चढावं लागतं,” म्हणाली. दादा तेवढे दिवस खिचडीवर राहिला. ती कच्ची व्हायची हेही त्यानंच सांगितलं.

आता दरवर्षी हरभरा निघाला की वैनी जाते. इंग्लंडचे पाहुणे वरच्या खोलीत येतच असतात. गेटची कडी दादाच लावतो. मागच्या महिन्यात त्यांच्या गल्लीतली एक बाई माझ्याकडे जालन्याला आली. खुर्चीच्या काठावर बसून म्हणाली, “तुमच्या वैनीसारखं मला बी करून द्या.”

“कुठं जायचं?” मी विचारलं.

“ते न्हाई ठरलं अजून,” ती म्हणाली. “जायचं तेवढं ठरलंय.”

मी लॅपटॉप उघडला.